नारायणगावच्या शॅम्पेनचा हिशेब

(सुपा येथे झालेल्या जिल्हा बैठकीतील भाषणाचे शब्दांकन)



बैठकीच्या पत्रकावर आमच्या नावापुढे ‘एका वाइन कंपनीचा इतिहास’ असा विषय छापला आहे. मघाशी बाहेर चहा घेताना एकाने विचारले, ‘साहेब, ज्वारीला भाव नाही, कापसाची वेचणी परवडत नाही, आणि तुम्ही आता वाइनवर बोलणार?’ दुसरा म्हणाला, ‘राळेगणसिद्धी इथून किती लांब आहे, ठाऊक आहे ना?’ ठाऊक आहे. हे बोलायला सुपाच बरे, असे ठरवूनच आलो आहोत.

कारण सांगतो. गेल्या दोन हंगामांत आपल्या बऱ्याच गावांतून माणसे फिरून गेली. धान्यापासून मद्यार्क आणि इथेनॉल काढायचे आहे, ज्वारी द्या, मका द्या, करार करा, बियाणे आम्ही देतो, माल आम्ही उचलतो, असे त्यांचे म्हणणे. काहींनी सह्या केल्याही आहेत. करार वाईट असतो, असे आमचे म्हणणे नाही. पण शेतकऱ्याने पिकवायचे, कंपनीने आंबवायचे आणि बाटलीत भरून विकायचे, हा खेळ महाराष्ट्रात एकदा पुरता खेळून झालेला आहे. तो आपल्या शेजारीच झाला. पारनेरवरून टाकळी ढोकेश्वर गाठा, बेल्ह्यावरून आळेफाट्याला उतरा आणि पुणे-नाशिक रस्त्याने थोडे पुढे जा, की नारायणगाव. त्याची गोष्ट ऐका आणि मग सह्या करायच्या की नाही ते तुमचे तुम्ही ठरवा.

१९८० नंतरच्या काळात शामराव चौगुले या मराठी उद्योजकाने ठरवले की फ्रान्समध्ये करतात तशी फेसाळणारी वाइन आपण सह्याद्रीच्या कुशीत करायची. त्या काळात हे वेडच होते. वाइन पिणारे गिऱ्हाईक देशात जवळजवळ नव्हते. पंचतारांकित हॉटेले आणि परदेश, एवढीच बाजारपेठ. चौगुल्यांनी फ्रान्समधल्या पाइपर-हाइडसिक या जुन्या घराण्याच्या कंपनीचे तांत्रिक साहाय्य घेतले. तिकडून यंत्रे आली, तज्ज्ञ आले, शार्दोने आणि पिनो न्वारसारख्या जातींच्या काड्या आल्या. नारायणगावला कारखाना उभा राहिला. ‘शॅम्पेन इंडाज’ हे कंपनीचे नाव. परदेशात जी बाटली गेली तिचे नाव ‘ओमर खय्याम’ आणि इथल्या हॉटेलांसाठी ‘मार्क्विस द पाँपादूर’.

ही वाइन कशी करतात ते थोडक्यात सांगतो, कारण भांडवल कुठे अडकते ते त्यातून कळते. द्राक्षाचा रस एकदा आंबवला की साधी वाइन होते. फेसाळ वाइनसाठी ती बाटलीत भरताना थोडी साखर आणि यीस्ट पुन्हा घालतात आणि तोंड बंद करतात. बाटलीतच दुसऱ्यांदा आंबते, वायू आतच कोंडतो. मग ती बाटली थंड तळघरात महिनोन्‌महिने पडून राहते, पुढे उलटी करून हळूहळू फिरवायची, गाळ बुचापाशी आणायचा, मान गोठवून तो काढायचा. म्हणजे आज तोडलेल्या द्राक्षाचा पैसा कंपनीच्या हातात यायला वर्ष-दोन वर्षे. तेवढा वेळ पैसा कुणीतरी थांबवून धरावा लागतो. बँक धरते, ती व्याज घेते आणि कारखाना तारण ठेवून घेते. आणि जो शेतकरी वजनपावतीवर द्राक्षे देतो आणि चुकाऱ्याची वाट बघतो, तोही तेच करत असतो. फक्त तो व्याज घेत नाही आणि तारणही मागत नाही.

नारायणगावच्या बाटल्या चांगल्या निघाल्या, याबद्दल वाद नाही. विलायतेतल्या जाणकारांनी त्या वाखाणल्या. एका मराठी कुटुंबाने सुरू केलेल्या कंपनीने युरोपात जाऊन फ्रेंचांच्या शेजारी आपली बाटली ठेवावी, याचा अभिमान आम्हाला तेव्हाही होता, आजही आहे. आम्ही राहुरीला कृषी पदवीचे शिक्षण घेत होतो तेव्हा प्रक्रिया उद्योगाचे उदाहरण द्यायचे झाले की नारायणगावचे नाव निघायचे.

आता जरा फ्रान्सला जाऊन येऊ. ज्यांच्याकडून नारायणगावने ही विद्या घेतली त्यांचे घराणे कसे उभे राहिले, ते बघण्यासारखे आहे.

फ्लोरेन्स-लुई हाइडसिक हा मूळचा जर्मन मुलखातला, कापडाच्या धंद्यातला माणूस. रॅंस शहरात आला आणि १७८५ साली त्याने स्वतःच्या नावाने शॅम्पेनचा व्यापार सुरू केला. तो गेल्यावर धंदा पुतण्यांकडे गेला, त्यांचे पटेना, आणि एका घराण्याच्या तीन कंपन्या झाल्या. भाऊबंदकी काही आपल्याच बांधावर होते असे नाही. त्यांतलीच एक पाइपर-हाइडसिक. शॅम्पेन प्रांतातल्या बहुतेक मोठ्या कंपन्या अशाच, एखाद्या कुटुंबाच्या नावाच्या. त्यांची खुबी ही की स्वतःच्या बागा थोड्या. द्राक्षे घ्यायची आसपासच्या लहान शेतकऱ्यांकडून आणि आपण आंबवायचे, मुरवायचे, विकायचे. आजही तिथल्या बागांपैकी सुमारे नव्वद टक्के जमीन शेतकऱ्यांच्या नावावर आहे, पण विकल्या जाणाऱ्या बाटल्यांपैकी सत्तर टक्क्यांच्या आसपास या कंपन्यांच्या असतात.

असल्या व्यवस्थेत शेतकऱ्याचे काय व्हायचे, ते झाले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पीक ओळीने बुडाले, वेलीची मुळे खाणारी कीड पसरली, आणि त्याच वेळी काही व्यापारी रेल्वेने दुसऱ्या प्रांतातून स्वस्त वाइन आणून त्यावर शॅम्पेनची चिठ्ठी लावू लागले. १९१० साली तर बागेत काही उरलेच नाही. १९११ च्या जानेवारीत शेतकऱ्यांनी व्यापाऱ्यांची पिंपे फोडली, एप्रिलमध्ये एका गावात गोदामे आणि घरे पेटवली. गावाचे नाव तुमच्या लक्षात राहील असेच आहे: आई. सरकारला सैन्य आणावे लागले.

जाळपोळीचे कौतुक सांगायला हे सांगत नाही. पुढे काय झाले ते ऐका. शॅम्पेन हे नाव कुठल्या जमिनीतल्या द्राक्षालाच लावता येईल, याचा कायदा झाला. १९४१ साली एक समिती स्थापन झाली. तीत शेतकऱ्यांचे प्रतिनिधी आणि कंपन्यांचे प्रतिनिधी समोरासमोर, बरोबरीने. एकरी किती पीक वाइनसाठी घ्यायचे, साठा किती ठेवायचा, हे तिथे ठरते. भाव अनेक वर्षे तिथेच ठरत असे. आता तो करारात ठरतो, पण करार हवेतला नसतो. पैसे तिथेही एकरकमी मिळत नाहीत. पुढच्या हंगामापर्यंत साधारण चार हप्ते. पण हप्त्याची तारीख कागदावर असते आणि शेतकरी त्या तारखेवर मुलीच्या लग्नाची तारीख धरू शकतो. आज तिथे वाइनच्या द्राक्षाला किलोमागे सहा युरोंच्या वर भाव मिळतो. आपल्या पैशांत सहाशेच्या पुढे गेला.

म्हणजे नारायणगावला त्या मुलखातून वेल आली, यंत्र आले, माणूस आला, चवही आली. दीडशे वर्षे हाल सोसून तिथल्या शेतकऱ्याने जो कागद मिळवला होता, तेवढा मात्र कुणी आणला नाही. चौगुल्यांनी तो का आणावा? ते व्यापारी होते. तो आपण मागायला हवा होता. आपल्यापैकी कुणी मागितला नाही, आणि न मागणाऱ्यांत आम्हीही होतो.

ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

२००१ साली महाराष्ट्र सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले. वाइनवरचे उत्पादन शुल्क माफ झाले, नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क काढले. त्याच्या थोडे आधी, २००० साली, राजीव सामंत या अमेरिकेत शिकून परत आलेल्या तरुणाने नाशिकजवळ घरच्या जमिनीवर सुरू केलेल्या ‘सुला’ची वाइन बाजारात आली होती. कंपनीला नाव आईचे दिले, सुलभाचे सुला. त्यांचे बरे चाललेले बघून नाशिक, पुणे, सांगली भागात वायनऱ्यांचे पीक आले. दहा वर्षांत त्यांची संख्या सत्तरच्या घरात गेली.

आम्ही तेव्हा नुकतेच पदवीधर झालो होतो. नाशिककडच्या एका वायनरीत नोकरी लागली. नारायणगावची नव्हे, सुलाही नव्हे. दुसरी होती, नाव घेत नाही. काम असे की मोटारसायकलवरून गावोगाव जायचे, माती बघायची, आणि शेतकऱ्यांना थॉम्पसन काढून कॅबर्नेची, शिराझची लागवड करायला लावायचे. करार दहा वर्षांचा. त्या करारात किती किलो माल, किती साखर, कोणत्या औषधाची फवारणी चालेल, तोडणी किती वाजता करायची, सगळे होते. ते आम्हीच लिहायला मदत केली होती. पैसे कधी द्यायचे, याबद्दल एकच ओळ होती: ‘कंपनीच्या प्रचलित पद्धतीनुसार’. ही ओळ आम्ही शेकडो वेळा वाचून दाखवली असेल. एकदाही आमची जीभ अडखळली नाही.

दिंडोरी तालुक्यात आम्ही ज्यांना तात्या म्हणत होतो ते एक शेतकरी होते. त्यांनी विचारले होते. ‘साहेब, ही द्राक्षे उद्या तुम्ही नाही नेली तर?’ आम्ही म्हणालो, ‘तात्या, कंपनी आहे, कुठे जाते?’

२००८-०९ नंतर माल उचलणे थांबले. तात्यांनी तीन हंगामांच्या वजनपावत्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून आमच्यापुढे ठेवल्या. चहा दिला. रागावले नाहीत. दोन क्रेट द्राक्षे नाशिकच्या बाजारात घेऊन गेले होते, व्यापाऱ्याने दाणा तोंडात टाकला आणि बी थुंकली. वाइनचे द्राक्ष बारीक, जाड सालीचे आणि बियांचे असते. खायला कुणी घेत नाही, बेदाण्याला चालत नाही. पिकले की आठ-दहा दिवसांत तोडावे लागते, नाहीतर साखर वर जाते आणि वायनरीही नाकारते. त्या उन्हाळ्यात त्यांनी बाग तोडली. आम्ही पुढच्या महिन्यात नोकरी सोडली आणि आज तुमच्यासमोर उभे आहोत. वजनपावत्यांचे पैसे काही आमच्या नोकरी सोडल्याने आले नाहीत.

कापूसवाल्यांना हे लवकर कळेल. एकच गिऱ्हाईक म्हणजे काय, हे शेवगाव-पाथर्डीच्या माणसाला शिकवायला नको. १९७२ पासून तीसेक वर्षे एकाधिकार खरेदी आपण भोगली. चुकारे रखडायचे, ग्रेड पाडायचे. पण कापूस हा कापूसच होता. रात्री गाडी जुंपून हद्दीपलीकडे नेला तर तिकडचा व्यापारी रोख मोजत होता. पोलिसांनी धरले तरी माल टिकून राहायचा. कॅबर्नेच्या द्राक्षाला हद्दच नाही, कुठेही न्या, घेणारा नाही. कायद्याने एकाधिकार केला तर तो मोडता येतो, आंदोलन करता येते. वेलीच्या जातीनेच जो एकाधिकार होतो तो मोडायला कुऱ्हाडच लागते.

आता नारायणगावला परत येऊ.

त्या काळात शॅम्पेन इंडाज कंपनी झपाट्याने वाढत होती. शेअर बाजारात तिचे नाव होते. चौगुल्यांची पुढची पिढी कारभारात होती. २००७-०८ च्या सुमारास कंपनीने ऑस्ट्रेलियात वायनऱ्या घेतल्या, ब्रिटनमध्ये वाइन वाटपाची कंपनी घेतली. नाव बदलून ‘इंडाज व्हिंटनर्स’ केले. म्हणजे नुसती वाइन करणारी न राहता जगभर वाइनचा व्यापार करणारी कंपनी व्हायचे. हिंमत मोठी होती. पण पैसा कर्जाचा होता, आणि २००८ मध्ये जगभर मंदी आली. त्याच वर्षी २६ नोव्हेंबरला मुंबईवर हल्ला झाला, आणि ज्या हॉटेलांत या बाटल्या खपायच्या ती हॉटेले ओस पडली. २००९ पासून बँकांची, कामगारांची, द्राक्षवाल्यांची देणी थकत गेली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि कंपनी अवसायनात निघाली. पंचवीस वर्षांत उभे राहिलेले नाव दोन-तीन वर्षांत संपले.

चौगुल्यांना शिव्या घालायचे आमच्या मनात नाही. धंद्यात उडी घेणारा कधी पडतो. तो पडल्यावर खाली कोण सापडतो, एवढेच आपण बघायचे.

कंपनी बुडाली की तिचे उरलेसुरले विकून पैसे वाटतात. त्याची रांग कायद्याने ठरलेली असते. तेव्हा १९५६ चा कंपनी कायदा होता. रांगेत पुढे तारण असलेली बँक आणि कामगार. मग सरकारची देणी. मग तारण नसलेले सगळे, त्यात बाटल्यांचा पुरवठादार, कागदाच्या खोक्यांचा पुरवठादार, आणि द्राक्षवाला. २०१६ साली दिवाळखोरीचा नवा कायदा आला. रांगेतली माणसे थोडी इकडची तिकडे झाली, माल देणारा मागेच राहिला. वर २०२० च्या मार्चमध्ये एक गोष्ट झाली, तिची आपल्याकडे चर्चाच झाली नाही. थकबाकीदार कंपनीला या कायद्याखाली न्यायाधिकरणात ओढायची मर्यादा एक लाख रुपयांची होती, ती एक कोटी केली. तुमचे चार लाख अडकले असतील तर तो दरवाजा तुम्हाला बंद. पंचवीस जणांनी मिळून एक कोटी होतात म्हणून एकत्र जावे, तर माल पुरवणाऱ्यांना तसे एकत्र जाता येत नाही. बँकांना येते. राहिला दिवाणी दावा. तो कितव्या पिढीत निकाली निघतो ते तुम्हाला माहीत आहे.

ऊसवाल्याकडे बघा. त्याला शिव्या द्यायची आपल्याकडे पद्धत आहे, पण त्याच्या हातात एक कागद आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने चौदा दिवसांत पैसे, नाहीतर पंधरा टक्के व्याज, आणि कलेक्टरने महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली करायची. अंमल किती होतो हा वेगळा विषय, पण भांडायला काहीतरी आहे. इथे सुप्याच्या एमआयडीसीत नटबोल्ट करणारा छोटा कारखानदार असतो. २००६ च्या कायद्याने त्याचे पैसे मोठ्या कंपनीने पंचेचाळीस दिवसांत द्यायचे, उशीर झाला तर चक्रवाढ व्याज. एकाच रस्त्याच्या अलीकडे लोखंड देणारा आणि पलीकडे धान्य देणारा. धान्य पिकवणारा त्या कायद्यात बसत नाही, कारण शेती हा उद्योग धरलेला नाही. करारशेतीचा केंद्रीय कायदा २०२० मध्ये आला आणि २०२१ मध्ये मागे घेतला गेला. म्हणजे तुमच्या करारात पैशाच्या तारखेबद्दल जे लिहिले असेल तेच तुमचे संरक्षण. ‘प्रचलित पद्धतीनुसार’ लिहिले असेल तर तात्यांची पिशवी आठवा.

२०२२ च्या जानेवारीत सरकारने किराणा मालाच्या मोठ्या दुकानांतून वाइन विकायला परवानगी द्यायचे ठरवले. राळेगणसिद्धीतून अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, फेब्रुवारीत तो स्थगित केला, निर्णयही पुढे सरकला नाही. त्या महिनाभरात आम्ही सगळी भाषणे वाचली. एक बाजू म्हणत होती द्राक्षशेतकऱ्याच्या भल्यासाठी वाइन विकू द्या. दुसरी म्हणत होती पिढी बिघडेल. शेतकऱ्याचे भले म्हणणाऱ्यांपैकी एकानेही असे म्हटले नाही, की ज्या वायनरीने मागच्या हंगामाचे चुकारे दिले असतील तिच्याच बाटल्या दुकानात ठेवा. एका ओळीची अट होती. त्याच वर्षी डिसेंबरात सुला शेअर बाजारात आली. सुमारे ९६० कोटी रुपयांचे शेअर विकले गेले आणि ते सगळे पैसे जुन्या भागधारकांना मिळाले. बेकायदा काही नाही. ज्याच्याकडे शेअर, त्याला पैसा. सुलाचे शेतकऱ्यांशी बारा-बारा वर्षांपर्यंतचे करार आहेत, सुमारे अडीच हजार एकरांतून माल येतो, आणि बाकीच्या वायनऱ्या बुडत असताना ती टिकली, हे कबूल करायला हवे. पण ज्याने वीस वर्षे द्राक्षे घातली त्याच्याकडे एकही शेअर नसेल तर त्या दिवशी त्याच्या घरी साधा गुरुवारच होता.

आता आपल्या ज्वारीकडे येतो, त्यासाठीच एवढे फिरवून आणले.

२००७ साली राज्य सरकारने धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना अनुदान द्यायचे धोरण आणले. कारण सांगितले ते तुमचेच: पावसात सापडून काळी पडलेली खरिपाची ज्वारी कुणी घेत नाही, तिला गिऱ्हाईक मिळेल. डॉ. अभय बंग, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी कडाडून विरोध केला. आम्ही तेव्हा त्यांच्यावर चिडलो होतो. शेतकऱ्याला दोन पैसे मिळतात तर यांच्या पोटात का दुखते, असे वाटायचे. आता हिशेब मांडून बघू.

ज्वारीत पासष्ट-सत्तर टक्के पिठूळ पदार्थ असतो. एका क्विंटलातून साधारण सदतीस लिटर शुद्ध मद्यार्क निघतो. दुकानातली दारू ४२.८ टक्क्यांची असते. म्हणजे पाणी मिसळून छत्तीस-सदतीसचे झाले सुमारे ८६ लिटर. ७५० मिलीच्या ११५ बाटल्या. सरकारने २०२५-२६ साठी संकरित ज्वारीचा आधारभाव क्विंटलला ३६९९ रुपये धरला आहे. तो सगळाच्या सगळा तुम्हाला मिळाला असे समजा (हसू नका), तर एका बाटलीत ज्वारी पडली बत्तीस रुपयांची. २०२५ च्या जूनमध्ये सरकारने धान्यापासून केलेल्या महाराष्ट्रातल्या दारूचा एक नवा प्रकार काढला आणि त्याच्या १८० मिलीच्या बाटलीची किमान किंमत १४८ रुपये ठरवली. त्याच ताकदीची धरली तर त्या बाटलीत तुमची ज्वारी आठ रुपयांचीसुद्धा भरत नाही. बाकी १४० रुपयांत सरकारचा कर आला, कारखाना, बाटली, दुकानदार आला. आणि काळी ज्वारी आधारभावाने कुणी घेत नाही, ती पडत्या भावाने जाते, म्हणजे आठाचे पाचही राहत नाहीत.

उलट बाजूने बघा. कारखान्याने ज्वारीचा भाव दीडपट केला तरी १४८ च्या बाटलीला चार रुपयेच जास्त लागतील. म्हणजे ‘परवडत नाही’ हे उत्तर भावाच्या बाबतीत टिकणारे नाही. शिवाय क्विंटलमागे तीसेक किलो चोथा निघतो. तो सुकवून पशुखाद्य म्हणून विकतात, आणि पुन्हा तुमच्याच गोठ्याला विकत देतात. करारात त्या चोथ्याचा उल्लेख असलेला कागद आम्ही अजून पाहिलेला नाही.

आपल्या बाजूने एक गोष्ट आहे आणि ती तात्यांकडे नव्हती. ज्वारी खाता येते. मालदांडी साठवता येते, कोणत्याही बाजार समितीत नेता येते, आणि दाणा कुठेही गेला तरी कडबा दावणीला राहतो. म्हणून येणारी माणसे कारखान्याच्या सोयीचे वेगळे वाण देऊ करतील तेव्हा थांबा. जे वाण तुमच्या घरात भाकरीला चालत नाही आणि ज्याचा कडबा जनावर तोंडात धरत नाही, ते रानात आले की तुम्ही कॅबर्ने लावलीत असे समजा. लावायचेच तर रानाच्या एका कोपऱ्यात लावा, आणि पैसे वजनकाट्यावर घ्या.

मागच्या महिन्यात एका गावच्या बैठकीत हा हिशेब फळ्यावर मांडला. मागे बसलेली एक बाई उठली. म्हणाली, ‘भाऊ, तुम्ही भाव मिळवून द्याल, आठाचे बारा कराल. ते बारा घरी येतील, का तिथंच दुकानात राहतील?’ सभेत कुणी बोलले नाही. आम्हालाही त्यावर हिशेब मांडता आला नाही. आम्ही भावाचे माणूस, पिकवणाऱ्याला कुठेही विकायची मोकळीक हवी, हे आमचे मत आजही आहे. पण त्या बाईला उत्तर दिल्यासारखे करून आम्ही बसलो असतो तर ते खोटे झाले असते. ज्या गावात कुणी इथेनॉलच्या कारखान्याचा ठराव आणील, तिथे ग्रामसभेत बायकांचे मत वेगळे घ्या, एवढे आम्ही तिथे कबूल केले. इथेही सांगतो.

जेवणानंतर तालुकावार बसायचे आहे. ज्यांनी सह्या केल्या आहेत त्यांनी कराराची प्रत पुढच्या टेबलावर द्या, नाव झाकून दिलीत तरी चालेल. आम्ही तीन गोष्टी तांबड्या पेन्सिलीने खुणा करून परत देणार आहोत: पैसे देण्याची तारीख कुठे आहे, उशीर झाल्यास व्याज किती, आणि बँकेची हमी आहे का. ज्या कागदावर यांतले काहीच सापडणार नाही तो कंपनीकडे दुरुस्तीला पाठवायचे पत्र आम्ही तयार ठेवले आहे, त्यावर एकेकट्याने सही करू नका, गावातल्या सगळ्यांनी एकाच पत्रावर करा. पाथर्डीची मंडळी लांबून आली आहेत, त्यांचे कागद आधी घेऊ.